सुलूसिस्टरने लिहिलेले अर्ज

भोरमधल्या त्या वीस खाटांच्या खाजगी रुग्णालयातून पाच वर्षांत सात नर्सा परदेशी गेल्या. सातही जणींचे अर्ज सुलूसिस्टरने लिहिले होते. आठवा अर्ज तिने स्वतःचा लिहिला. तो तेवढा परत आला.

सुलोचना शिळीमकर हे तिचं पूर्ण नाव, पण पेशंटपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती सुलूसिस्टर. माहेर वेल्ह्याच्या पलीकडे पासलीला. बाप भातशेती करणारा. मुलगी हुशार म्हणून मास्तरांनी मागे लागून तिला पुण्याला नर्सिंगला घालायला लावलं. तिथे तिला एक मल्याळी ट्यूटर मॅडम भेटल्या. त्या रोज संध्याकाळी एकेका पेशंटचा अहवाल इंग्रजीत लिहायला लावायच्या आणि लाल पेनाने निम्मे शब्द उडवायच्या. "पेशंटला बरं वाटतंय असं लिहू नकोस. किती वेळा उठून बसला, किती घास खाल्ले, ते लिही," असं त्या म्हणत. पहिल्या वर्षी सुलू रडली, दुसऱ्या वर्षी चिडली आणि तिसऱ्या वर्षी तिला ते लिहिणं आवडायला लागलं. पुढे लग्न होऊन ती भोरला आली. नवरा आनंदराव सरकारी कचेरीत कारकून. त्यालाही साहेबाला पाठवायचं पत्र बायकोकडून तपासून घ्यायची सवय लागली.

एकोणीस साली श्रावणी किकवीहून स्कूटीने रुग्णालयात यायची. चोवीस वर्षांची, हाताला हलकी, पेशंटशी गोड बोलणारी. आयर्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांची सतराएक शुश्रूषागृहं चालवणारी एक कंपनी होती आणि तिला नर्सा हव्या होत्या. श्रावणीने तीनदा अर्ज केला, एकदाही उत्तर आलं नाही. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाईल सुलूपुढे धरला.

"ताई, बघा ना, काय चुकतंय माझं?"

सुलूने वाचलं आणि डबा बाजूला ठेवला. शाळेत सुट्टीचा अर्ज लिहायला शिकवतात तसलं 'सविनय नम्र विनंती विशेष'चं इंग्रजी होतं. विषयाची ओळ कोरी. मेलचा पत्ता 'श्रावू प्रिन्सेस' असा काहीतरी. खाली प्रमाणपत्रांचे अकरा फोटो एकामागून एक, आणि प्रत्येकामागे फुलाफुलांची चादर.

"ही चादर बघूनच बंद करत असतील गं ते," सुलू म्हणाली आणि दोघी खूप हसल्या.

मग ती कामाला लागली. आधी साध्या नावाचा नवा पत्ता काढायला लावला. विषयाच्या ओळीत कुठल्या जागेसाठी, किती वर्षांचा अनुभव आणि इंग्रजीची परीक्षा पास, एवढंच. सगळे कागद स्कॅन करून एकच फाईल, तिला स्वतःचं नाव. "मी मेहनती आहे, मी प्रामाणिक आहे" हे सगळं खोडलं. त्याऐवजी, वीस खाटा, रात्रपाळीला दोन नर्सा, महिन्याला साधारण इतकी बाळंतपणं, इतकी हाडांची ऑपरेशनं. कधी रुजू होऊ शकते ती तारीख. "वाचणाऱ्या बाईकडे दिवसाला दोनशे अर्ज येत असणार. तिला तुझी दया यायला नको, तू तिला दिसायला पाहिजेस," सुलू म्हणाली.

शेवटी राहिला एक परिच्छेद. "आता एक प्रसंग सांग. जिथं तू नसतीस तर काहीतरी बिघडलं असतं, असा."

श्रावणी छताकडे बघत म्हणाली, "असं काही घडलंच नाही ताई. रोजचंच सगळं."

नेमकं इथेच सुलूने ते केलं. तिच्याकडे तसा प्रसंग होता. तिने तो दिला, एखादीने लग्नाला जायला शेजारणीला आपली पैठणी द्यावी तसा.

तो प्रसंग पंधरा सालच्या सप्टेंबरातला. सुलू तेव्हा वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटावर होती. पासलीच्या धनाजीला भातखाचरात बांध नीट करताना नाग चावला. जीपमधून आणेपर्यंत त्याच्या पापण्या मिटल्या होत्या. डॉक्टरांनी लस टोचली, पण श्वास मंदावत चालला, म्हणून घशात नळी घातली. मशीन पुण्यात. तिथे पोचेपर्यंत नळीला जोडलेला रबरी फुगा कोणीतरी हाताने दाबत राहायचा, दाबला तर श्वास, थांबला तर नाही. सुलू ॲम्ब्युलन्समध्ये चढली. वेल्ह्यापासून पुण्यापर्यंत दोन तास दहा मिनिटं ती फुगा दाबत होती. ड्रायव्हरच्या शेजारच्या माणसाने दोनदा हात पुढे केला, तिने दिला नाही, कारण तो घाबरून भराभर दाबेल हे तिला दिसत होतं. पुण्यात पोचल्यावर तिची बोटं तिला उघडता येईनात. धनाजी जगला.

हे तिने इंग्रजीत पाच ओळींत लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, "माझ्या हातांनी घाई करू नये म्हणून मी मोठ्याने पाचपर्यंत मोजत होते." ते जमल्यावर तिने मान तिरकी करून पुन्हा वाचलं. मल्याळी मॅडमनी त्यातला एकही शब्द उडवला नसता.

अकराव्या दिवशी श्रावणीला मुलाखतीचं बोलावणं आलं. चार महिन्यांत ती गेली.

मग बाकीच्या आल्या. कोणी मेथीची जुडी घेऊन, कोणी आईला घेऊन. तिघी जणी त्याच आयर्लंडच्या कंपनीत अर्ज करायच्या म्हणाल्या, कारण श्रावणी तिथे होती. तिघीही लागल्या. बाकीच्या दुसरीकडे गेल्या. प्रत्येकीला सुलू विचारायची, तुझा प्रसंग सांग. दोघींनी स्वतःचं सांगितलं. उरलेल्यांकडे नव्हतं, किंवा असलं तरी ते सांगण्यासारखं आहे हे त्यांना कळत नव्हतं, आणि खोदून काढायला सुलूला वेळ नव्हता. तिने नागाचा मण्यार केला, एकीला कीटकनाशक प्यायलेली बाई दिली, वेल्ह्याच्या जागी दुसरं गाव घातलं, दोन तासांचा दीड तास केला. वाक्य मात्र तेच ठेवलं. ते तिला काढवलं नाही. आपण खोटं लिहितोय हे तिला माहीत होतं. पण एकेकीचा व्हिसा आला की रुग्णालयात पेढे वाटले जायचे, पहिला पेढा सुलूच्या हातावर पडायचा आणि तो गोड लागायचा.

"सगळ्यांना पाठवतेस, तू कधी जाणार?" आनंदराव विचारायचा. त्यालाही उत्तर माहीत होतं. आतल्या खोलीत त्याची आई सहा वर्षं अर्धांगाने पडून होती. तिला कूस बदलून द्यायची, भरवायचं, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, हे सगळं सुलू ड्युटीच्या आधी आणि ड्युटीनंतर करायची. नणंदा यायच्या आणि आईची पाठ बघून म्हणायच्या, "नर्स सून केली ते बरं झालं." तेवढंच म्हणून त्या संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या.

चोवीसच्या जानेवारीत सासू गेली. तेराव्यानंतर आठवड्याभराने सुलूने परीक्षेची पुस्तकं काढली. वय एकोणचाळीस. ऑगस्टमध्ये ती पास झाली. श्रावणीपेक्षा जास्त गुण होते. सप्टेंबरच्या अखेरीस तिने अर्ज लिहायला घेतला. इतरांचे अर्ज ती तासाभरात लिहायची, स्वतःच्या अर्जाला चार दिवस लागले. प्रसंगाच्या जागी आल्यावर ती थोडी थांबली. पण तो तिचा होता. शेवटी खऱ्याच्या नावावर खरं जाणार होतं. तिने नाग घातला, वेल्हे घातलं, दोन तास दहा मिनिटं घातली, आणि ते वाक्य. कंपनी तीच, कारण तिथली कागदपत्रांची वाट तिला तोंडपाठ होती.

उत्तर नवव्या दिवशी आलं. दुपारच्या औषधांच्या फेरीनंतर तिने स्टाफरूममध्ये ते उघडलं.

डब्लिनच्या ऑफिसात आता नवी बाई होती. तिने लिहिलं होतं की जुने सगळे अर्ज नव्या संगणक पद्धतीत घातले आहेत, आणि आपल्या अर्जातला एक परिच्छेद, त्यातलं एक वाक्य तर शब्दशः, आमच्याकडे सध्या काम करणाऱ्या चार नर्सांच्या अर्जांत आहे. आपण तो मजकूर उतरवून घेतलेला दिसतो. आपला अर्ज बंद करत आहोत.

सुलूने ते तीनदा वाचलं. तेवढ्यात सहा नंबरच्या बाईने बेडपॅन मागितलं, म्हणून ती उठली.

दोन दिवस तिने घरी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि एस.टी.ने नसरापूर, तिथून विंझरवरून वेल्हे आणि पुढे जीपने पासली गाठली. आईवडील गेल्यापासून तिचं इकडे येणं उणावलं होतं. धनाजी खळ्यावर भात झोडत होता. तिला बघून त्याने हातातली पेंढी टाकली.

"या या, सिस्टरबाई! आगं फुलाबाई, च्या ठेव."

"धनाजीदादा, एक काम हाय," पासलीत पाऊल टाकलं की सुलूची बोली आपोआप बदलायची. "तुमाला नाग चावला तवा म्या गाडीत व्हते, येवढं कागदावर पायजे. तुमी बेशुद्ध व्हता म्हना. तुमाला काय आठवणार?"

"बेसुद?" धनाजी तिच्याकडे बघतच राहिला. "कोन म्हनलं बेसुद? डोळं उघडत न्हवतं, बोट हालत न्हवतं. पर ऐकू समदं येत हुतं."

सुलू खळ्याच्या कडेला बसली.

"तुमी मोजत हुता. येक, दोन, तीन, च्यार, पाच. परत येक. नसरापूरला म्हसरं आडवी आली, गाडी थांबली. तवा तुमी डायवरला म्हनला, हाण की गाडी, म्या हितं दोघांचा दम घेतीया! शिवी बी दिली." तो हसला आणि मग हसायचा थांबला. "चेलाडीच्या फुडं तुमी रडाय लागला. रडत रडत मोजत हुता. मला वाटलं, लई दमली ही बाय. म्हनावं, सोड आता, ऱ्हाऊ दे. पर सांगनार कसं?"

फुलाबाई चहा घेऊन आली आणि दोघांकडे बघून कप ठेवून निघून गेली.

नऊ वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरला काय म्हणाली ते सुलू विसरली होती. रडली होती हे तर तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या मनात आलं, अरे, मोजणं सोडलं तर ह्यातलं काहीच त्या अर्जांत नव्हतं. चार जणी घेऊन गेल्या ते वरचं सालपट होतं.

"म्या जिता हाय की हितं. ह्याहून पुरावा काय पायजे त्यास्नी?" धनाजी म्हणाला. तिने मोबाईलवर त्याला बोलायला लावलं. त्याने टोपी नीट केली आणि सगळं पुन्हा सांगितलं.

घरी येऊन तिने त्याच्या बोलण्याचं इंग्रजी केलं, व्हिडिओ जोडला आणि लिहिलं की हा प्रसंग माझा आहे, हा तो माणूस.

ह्यावेळी उत्तर दोन दिवसांत आलं. बाईचा सूर बदलला होता. आपलं म्हणणं विश्वास ठेवण्याजोगं वाटतं. मग आमच्या चार नर्सांनी खोटा अनुभव दाखवला असा त्याचा अर्थ होतो. तसं आपण लेखी द्यावं. आम्ही चौकशी करू, आणि गरज पडली तर इथल्या नर्सिंग कौन्सिलला कळवू. त्यानंतर आपला अर्ज पुन्हा उघडू.

आनंदरावाने ते वाचलं. त्याचं इंग्रजी कचेरीपुरतंच होतं, पण एवढं त्याला कळलं. "दे लिहून," तो म्हणाला. "खरं तेच तर लिहायचंय. त्या मजेत आहेत तिकडं. तू काय त्यांची लागतेस?"

सुलूने संध्याकाळी श्रावणीला व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपार होती. मागे स्वच्छ भिंत, खिडकीत कुंडी, श्रावणीच्या मांडीवर दोन वर्षांची मुलगी. सुलूने सगळं सांगितलं. श्रावणीने मुलीला खाली ठेवलं.

"ताई, तुम्ही मला न विचारता तिकडे परत लिहिलंत?"

"माझा अर्ज होता गं. तुला काय विचारायचं?"

"पण आमच्या नोकऱ्यांचं काय? इथं घर घेतलंय आम्ही. ह्यांचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे."

"म्हणून तर तुला फोन केला. सांग, काय लिहू मी?"

श्रावणीने उठून दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "लिहा की तुम्ही हे कुठंतरी वाचलं होतं. इंटरनेटवर. म्हणजे विषय मिटेल."

"आणि धनाजीदादा? त्यांचा व्हिडिओ गेलाय."

"गावाकडचा माणूस आहे ताई. पढवून बोलायला लावलं म्हणता येईल."

सुलूला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "श्रावणी, तो माणूस माझ्या हातावर जगला. तो मी पढवला म्हणू?"

"मी मागितलं होतं का तुमच्याकडे?" श्रावणीचा आवाज चढला. "मी म्हणाले होते, माझ्याकडे प्रसंग नाही. तुम्हीच दिलात. तुम्हीच लिहिलंत. मी फक्त पाठवा ते बटण दाबलं. आणि आता पाच वर्षांनी तुम्हाला तो परत पाहिजे!"

मुलगी रडायला लागली. "नंतर बोलते," म्हणून श्रावणीने फोन ठेवला. तिने पुन्हा केला नाही.

सुलूला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने मागितलं नव्हतं. सुलूनेच दिलं होतं, आणि देताना आपण किती मोठ्या मनाच्या, असं वाटून घेतलं होतं. त्या पेढ्यांचा तिला आता राग आला.

चार दिवस तिने मेलला उत्तर लिहिलं नाही. आनंदराव रोज विचारायचा, दिलंस का लिहून? पाचव्या दिवशी दुपारी तिने लिहिलं. प्रसंग माझा आहे. तो इतरांच्या अर्जांत मी घातला. त्यांना अर्ज नीट लिहिता येत नव्हता आणि लिहिण्याचं काम माझं होतं. चूक माझी आहे. त्या चांगल्या नर्सा आहेत, मी त्यांना काम शिकवलं आहे. त्यांच्यावर कारवाई होऊ नये अशी विनंती.

ही मेल तिने परत वाचून पाहिली नाही.

उत्तराला तीन आठवडे लागले. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. मात्र इतरांसाठी खोटा मजकूर तयार करणं ही गंभीर बाब असल्याने आपला अर्ज यापुढे आमच्याकडे विचारात घेतला जाणार नाही. संबंधित नर्सांचं काम आजवर उत्तम राहिलं आहे, त्यामुळे त्यांच्याबाबत पुढे काही करण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

मेल नीट लिहिलेली होती. पाल्हाळ नाही, एकही फालतू शब्द नाही.

आनंदराव भडकला. "वा! चोर घरात आणि घरधनी बाहेर. काय मिळवलंस?" ती भाजी निवडत राहिली. मग तोच म्हणाला, "दुसरीकडं कर अर्ज. जगात एकच कंपनी आहे का?" तिने करून पाहिला. दुसऱ्या एका ठिकाणच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, गैरवर्तनावरून तुमचा अर्ज कधी नाकारला गेला आहे का? समोर होय आणि नाही अशा दोन चौकटी होत्या. 'नाही' दाबायला तिचा हात गेला, आणि तिथून तो मागे आला. ती खरेपणाने वागत होती असं नाही. तिला फक्त आणखी एक खोटा अर्ज लिहायचा कंटाळा आला होता. तिने लॅपटॉप मिटला आणि कणीक भिजवायला घेतली.

'भोरच्या सिस्टर्स' नावाचा त्या सात जणींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. सुलूच्याच सांगण्यावरून काढलेला, तीही त्यात होती. कारवाई होणार नाही हे कळल्यावर त्यात श्रावणीने हात जोडल्याचं चित्र टाकलं, "थँक्यू ताई, तुमचे उपकार विसरणार नाही." खाली तिघींनी बदाम टाकले. आठवड्याभराने सुलूने ग्रुप उघडला तर त्यात तिला काही लिहिता येईना. तिला काढून टाकलं होतं. कोणी काढलं हे तिने विचारलं नाही. त्यांनाही धास्ती असणार, उद्या बाई पुन्हा काही लिहील.

इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. त्यातलं एक वर्ष असंच गेलं.

यंदा रुग्णालयात चैत्राली नावाची नवी मुलगी लागली आहे, बावीस वर्षांची, भोरचीच. एके सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली लावता लावता ती लाडात येऊन म्हणाली, "सिस्टर, मला पण अर्ज लिहून द्या ना. तुमचा तो सापाचा प्रसंग टाकला की होतंच म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळ्याच म्हणतात."

सुलूने कापसाचा डबा जागेवर ठेवला. "तुझं काय आहे ते सांग. तू काय केलंस आजवर?"

"मी कुठं काय केलंय? आत्ताच तर लागलेय."

"मग कर आधी काहीतरी. मी कोणाचे अर्ज लिहीत नाही."

"अहो पण त्या सगळ्यांना तर…"

"नाही म्हटलं ना."

चैत्राली ट्रॉली ढकलत निघून गेली. थोड्या वेळाने स्टाफरूमच्या अर्ध्या लोटलेल्या दारातून तिचा आवाज आला, "स्वतःला जाता आलं नाही ना, म्हणून जळते बाई." दुसरी कोणीतरी हसली.

सुलू दाराबाहेर दोन पावलांवर उभी होती. आत जाऊन काय ते सुनवावं असं तिला वाटलं. मग चार नंबरची बेल वाजली. सलाईन संपत आलं होतं. तिने नवी बाटली लावली, थेंब मोजून चावी फिरवली आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, अकरा चाळीस.